ठासणीची बंदूक: स्वस्त, पहिली आणि एका बाराची

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच आलेले रिक्षाचे हॉर्न होते, ते तेवढे काढलेत. बाकी गप्पा त्याच आहेत.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. त्यानं लिहिलं होतं, "दादा, अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघतोय. पुढून दारू भरायची जुन्या पद्धतीची रायफल, बजेटमधली, पहिल्या शिकारीसाठी कुठली घ्यावी यावर तासतासभर बोलतात. आपल्याकडे अशी मिळते का? कितीला पडते?"

सरळ उत्तर आधी देतो, म्हणजे कोणी घाईत असेल तर त्याचंही काम होईल. शिकारीसाठी म्हणत असाल, तर कुठलीच घेऊ नका. भारतात हौसेची शिकार हा गुन्हा आहे. ससा असो, रानडुक्कर असो की बिबट्या. आणि पुढून भरायची बंदूक आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवता येत नाही, मग ती कितीही जुनी आणि कितीही स्वस्त असो.

पण प्रश्न इथे संपत नाही. कारण 'स्वस्तातली, साधी, पहिली बंदूक' म्हणून या बंदुकीची निवड आपल्या देशात खरोखर झालेली आहे. ती कुणा शिकाऱ्यानं केली नाही, ती कायद्यानं केली. शेतकऱ्याच्या हातात बंदूक द्यायची तर ती कुठली द्यायची, हे १९५९ च्या कायद्यात अगदी शब्दांत लिहून ठेवलंय. आज आपण बघणार आहोत की त्या कायद्यानं हीच बंदूक का निवडली, आणि त्या निवडीची किंमत कुणी मोजली.

टेंभी नाक्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर

मी हे ठाण्यात टेंभी नाक्यावर बसून रेकॉर्ड करतोय. टेंभी नाका म्हटलं की तुम्हाला नवरात्रातली देवी आठवेल, आनंद आश्रम आठवेल, सिव्हिल हॉस्पिटल आठवेल. बंदुकीचा आणि या जागेचा काय संबंध?

संबंध असा, की इथून पायी दहा-पंधरा मिनिटांत आजच्या विषयाची सगळी पात्रं भेटतात. एका बाजूला जिल्हाधिकारी कार्यालय आणि कोर्ट. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या शस्त्रपरवान्याची फाईल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, शहरात ते काम पोलीस आयुक्तांचं. आणि तिथूनच पुढे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. हे कारागृह म्हणजेच ठाण्याचा जुना किल्ला, हे ठाण्यातल्याच अनेकांना माहीत नसतं.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. या तिन्ही सैन्यांची राज्यं वेगळी, भाषा वेगळ्या, पण तिघांच्या हातातल्या बंदुकीत एक गोष्ट सारखी होती. ती नळीच्या तोंडातून भरायची. आधी दारू ओतायची, मग गोळी, मग लांब गजानं ती खाली ठासायची. म्हणून आपल्याकडे तिचं नाव ठासणीची बंदूक.

दारू पेटवायची कशी, हाच त्या काळातला सगळ्यात मोठा तांत्रिक प्रश्न. सुरुवातीची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सावकाश जळत राहणारी दोरी, तिला जामगीही म्हणतात. नळीच्या मागच्या बाजूला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानापाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर पडतो, रंजक पेटते, आग कानातून आत जाते आणि बार होतो. रंजक पेटली पण आतली दारू पेटलीच नाही, तर नुसता भपका. 'फुसका बार' हा शब्द आपण आज क्रिकेटपासून राजकारणापर्यंत सगळीकडे वापरतो, तो अशाच बंदुकांच्या जमान्यातला.

नंतर चकमकीची बंदूक आली. दोरी गेली आणि गारगोटीची ठिणगी आली. मग टोपीची. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये आघातानं पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली. घोडा त्या टोपीवर आपटला की आत ठिणगी. तुम्ही लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवली असेल, तर तत्त्व तुम्हाला आधीच माहीत आहे.

हे सगळं का सांगतोय? कारण पुढे खेड्यात जी बंदूक शंभर वर्षं टिकली ती हीच टोपीची ठासणी. आणि तिच्या सगळ्या खोडी या पेटवण्याच्या पद्धतीतून आल्यात. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. ही दारू हवेतली ओल धरते. आता ठाणे जिल्ह्यातला पाऊस आठवा आणि मला सांगा, असं हत्यार इथे वर्षातले किती महिने भरवशाचं?

रायफल आणि बंदूक यात फरक काय

मेसेजमध्ये शब्द होता 'रायफल'. इथे जरा थांबू, कारण कायद्याच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे.

बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असेल तर गोळी तशीच, वाटेल तशी लडबडत बाहेर पडते. शंभर यार्डांच्या पलीकडे नेम हा निव्वळ आशेचा भाग. रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. अडचण एवढीच, की खाचांमध्ये घट्ट बसणारी गोळी पुढून ठासायला वेळ लागतो. हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुटला. गोळी टोकदार केली, बुडाशी पोकळ ठेवली आणि नळीपेक्षा किंचित बारीक केली. ती सहज आत जाते, आणि बार झाल्यावर बूड फुगून खाचांना चिकटतं.

या तत्त्वावरची, ०.५७७ इंच व्यासाची १८५३ ची एन्फील्ड ही जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ठासणीच्या रायफलींपैकी एक. आणि आपल्या इतिहासात तर ती शाळेच्या पुस्तकात आहे, फक्त पुस्तक एक गोष्ट नीट सांगत नाही. १८५७ मध्ये शिपायांना काडतूस दातांनी का तोडायला लागत होतं? कारण बंदूक पुढून भरायची होती. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. बंदूक मागून भरायची असती, तर दाताचा प्रश्नच आला नसता. चरबीच्या त्या वादामागे हे यंत्र आहे.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. एक, देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी हत्यारं द्यायची, हे धोरण. दोन, सामान्य लोकांकडची हत्यारं काढून घ्यायची आणि उरलेल्यांवर परवाना.

त्याच वेळी तंत्रज्ञान पुढे पळत होतं. १८६६ मध्ये जुन्या एन्फील्डच्याच नळीला मागून भरायची सोय बसवून स्नायडर तयार झाली. पाचेक वर्षांत मार्टिनी-हेन्री आली. सैन्यासाठी ठासणीची बंदूक दहा-पंधरा वर्षांत भंगार झाली. सैन्याला नको असलेली, जुनी झालेली वस्तू स्वस्त होते. तुमचा तीन वर्षांपूर्वीचा फोन जसा ओएलएक्सवर जातो ना, तसंच. ठासणी 'गरिबाची बंदूक' झाली ती इथे.

१८७८: परवाना कुणाला

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, म्हणजे एकाच वर्षात तोंडालाही कुलूप आणि हातालाही. हत्यार ठेवायचं, बाळगायचं, विकायचं तर परवाना हवा. युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. दुखणं फक्त बंदुकीचं नव्हतं. एकाच गावात राहणाऱ्या दोन माणसांपैकी गोऱ्यावर भरवसा आणि काळ्यावर संशय, हे कायद्यानं लिहून देणं लोकांना झोंबत होतं. पहिल्या महायुद्धानंतर हा वर्णभेद नियमांतून काढावा लागला.

सूट मिळालेले काही भारतीयही होते. कर्नाटकातल्या कोडगूचे लोक. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. ती आजही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. म्हणजे 'कुणाच्या हातात बंदूक चालेल' हा प्रश्न सरकारनं नेहमी माणूस बघून, जात बघून, जमीन बघून सोडवलाय.

१८७८ च्या कायद्याला वर्ष होत नाही तोच, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. बंड मोडलं, पण सरकारची भीती खरी ठरल्यासारखी झाली.

आणि मग येतं १९१०. टेंभी नाक्याजवळचं ते कारागृह. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी नाटक बघायला आलेला असताना गोळ्या घातल्या गेल्या. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. मला आज इथे सांगायचंय ते पिस्तुलाबद्दल. ते ब्राउनिंग होतं, स्वयंचलित. सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून, खोट्या तळाखाली लपवून पाठवली होती.

आता सरकारच्या खुर्चीत बसून बघा. एकीकडे खिशात मावणारं, एकामागून एक गोळ्या सोडणारं ब्राउनिंग. दुसरीकडे चार फूट लांब, एकदा उडवली की पुन्हा भरायला उभं राहून गज चालवावा लागणारी ठासणी. कसलेला सैनिक एन्फील्डमधून मिनिटाला तीन बार काढायचा. शेतकऱ्याला अंधारात, छपराखाली, थरथरत्या हातांनी एकासाठीच मिनिट लागेल. सरकारला कुठली बंदूक गावात चालेल? उत्तर उघड आहे.

१९५९: कायद्यानं केलेली निवड

स्वातंत्र्यानंतर नवा शस्त्र कायदा झाला, १९५९ चा. अंमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. इंग्रजांचा कायदा रद्द झाला, पण बंदुकीची उतरंड राहिली.

या कायद्याचं कलम १३ मी मुद्दाम शांतपणे वाचलं. त्याचा अर्थ सोप्या मराठीत असा: स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी कुणी गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच लांब नळीची बंदूक मागितली, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी पुढून भरायची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा. मग एक पुरवणी आहे. पीक राखायला पुढून भरायची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो.

लक्षात आलं? शेतकऱ्यासाठी ठासणी ही पहिली पायरी. बारा बोअरची मागून भरायची बंदूक हवी, तर ठासणी पुरत नाही हे त्यानं पटवून द्यायचं. आणि रायफल? ती या सोप्या रांगेतच नाही. तिच्यासाठी वेगळं, ठोस कारण दाखवावं लागतं. परवान्याच्या फीमध्येही ठासणीची ओळ वेगळी आणि कमी पैशांची. त्यामुळे श्रोत्याच्या मेसेजमधले तिन्ही शब्द, 'बजेटमधली', 'पहिली' आणि 'पुढून भरायची', आपल्या कायद्यात एकत्र सापडतात. फक्त 'शिकारीसाठी' हा शब्द तिथे नाही. तिथे आहे पीक.

मला यातली एक गोष्ट चांगली वाटते, ती आधी सांगतो. पीकसंरक्षणाचा परवाना मागायचा तर शेत हवं, सातबारा हवा. मुंबई इलाख्यात कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक होऊ लागली. त्याच्या पाठोपाठ हा शस्त्र कायदा आला. काल ज्याच्या नावावर जमीन नव्हती, तो आज अर्ज करू शकत होता. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळात गावात बंदूक म्हटलं की खोत, पाटील, सावकार. आता निदान कागदावर तरी कसणाराही त्या रांगेत उभा राहिला.

पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या कातकरी माणसाला, मजुराला या कलमाचा उपयोग शून्य. त्याच्याकडे गोफण, तिरकमठा आणि आवाज.

माळ्यावरची रात्र

कायदा झाला, आता शेतावर जाऊ. भातात दाणा दुधात भरायला लागला की रानडुकरं उतरतात. ती नुसती खात नाहीत, लोळतात, नांगरल्यासारखं करून ठेवतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत झोपते. म्हणून शेतात माळा बांधायचा आणि रात्री राखणीला बसायचं.

माझ्या एका मित्राचे आजोबा मुरबाडकडचे. त्यांनी तरुणपणी अशी राखण केलीय. मी त्यांना विचारलं, "आजोबा, मग डुक्कर पडायचं का?"

ते हसले. म्हणाले, "पडायचं कुठलं रे. पळायचं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं."

मग त्यांनी सांगितलं, की बऱ्याचदा नळीत गोळी नसायचीच. नुसती दारू ठासून बार काढायचा. आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि शेजारच्या माळ्यावरचा माणूसही जागा व्हायचा. "आणि पाऊस असला तर?" मी विचारलं. "पाऊस असला तर डबा वाजवायचा," आजोबा म्हणाले. "बंदूक खरी बोलायची ती दसऱ्यानंतर."

या एका वाक्यात सगळं आलं बघा. डुकरं येतात भाद्रपद-आश्विनात, आणि दारू कोरडी राहते पाऊस गेल्यावर. कायद्यानं दिलेलं हत्यार गरजेच्या निम्म्या दिवसांत मुकं.

शिवाय धोका वेगळाच. गोळी भरली आणि डुक्कर नुसतं जखमी झालं, तर दुसरा बार भरायला वेळ नाही. जखमी डुक्कर अंगावर येतं. दारू जास्त पडली, की जुनी नळी फुटते. ठासताना गोळी अर्ध्यावर अडकली, मध्ये पोकळी राहिली, तरी नळी फुगते किंवा फाटते. जिम कॉर्बेट यांनी त्यांच्या 'जंगल लोअर' या पुस्तकात त्यांच्या लहानपणीच्या पहिल्या बंदुकीबद्दल लिहिलंय. ती दुनळी ठासणी होती. जास्त दारू भरल्यामुळे तिची एक नळी आधीच फाटलेली, आणि मोडलेला दस्ता तारेनं बांधलेला. आज आपण ते वाचून 'वा, काय बालपण' म्हणतो. पण 'स्वस्तातली पहिली बंदूक' म्हणजे बहुतेक वेळा हेच असायचं. कुणीतरी वापरून, फोडून, बांधून पुढे दिलेली.

शिकार गेली, बंदूक राहिली

आता शिकारीकडे येऊ. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जंगली जनावरांच्या यादीत वाघही आहे. आज येऊरला बिबट्या दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालतात. जंगल किती आक्रसलं ते यावरून कळेल.

मुंबई राज्यात वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ मध्ये झाला. मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा. गंमत म्हणजे १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. तेव्हापासून हौसेच्या शिकारीची दारं बंद आहेत.

यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे. पण पिकात शिरलेलं डुक्कर मारायला तो परवाना पुरत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याची वेगळी परवानगी लागते. बंदूक एका खात्याच्या कागदावर, डुक्कर दुसऱ्या खात्याच्या. नुकसानीची भरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, वाट बघणं. शिवाय निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांच्या बंदुका मागू नका, प्रत्येक प्रकरण तपासा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे.

शहरात बसून 'बंदुका कशाला हव्यात' म्हणणं सोपं आहे. आणि 'मारू द्या की डुकरं' म्हणणंही तितकंच सोपं आहे. २०२५ च्या सुरुवातीला पालघरमध्ये मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. त्यांच्यातल्याच एकाला डुक्कर समजून गोळी घातली गेली. तो गेला. ती बातमी वाचल्यावर मला व्हिडिओतली चकचकीत नळी वेगळी दिसायला लागली. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. हे लांबचं जंगल नाही.

मग अमेरिकेत कसं चालतं?

अमेरिकेत पुढून भरायच्या बंदुकीची गोष्ट उलटी आहे. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूची पुढून भरायची बंदूक साधारणपणे 'अँटिक' धरली जाते, आधुनिक बंदुकीचे नियम तिला लागत नाहीत. अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी फक्त अशा बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. एकच बार, त्यामुळे नेम नीट धरायला हवा, आणि जंगलात गर्दी कमी. तिथे ही बंदूक माणूस हौसेनं निवडतो. घरी आधुनिक रायफल असते, तरी मुद्दाम कठीण वाट धरायची म्हणून.

आपल्याकडे ती कठीण वाट शेतकऱ्याला नेमून दिली गेली. त्यामुळे त्या व्हिडिओतला 'बेस्ट बजेट ऑप्शन' इथे आणून बसवता येत नाही. यंत्र तेच असलं, तरी ते घ्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस वेगळा होता.

आजोबांची बंदूक माळ्यावर सापडली तर

शेवटचा भाग फार कामाचा आहे, झोपू नका. तुमच्यापैकी अनेकांची घरं मूळची शहापूर, मुरबाड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडची. जुन्या घराच्या माळ्यावर, भिंतीवर अशी ठासणी असू शकते. गणपतीला गावी गेल्यावर रील काढायला ती खाली उतरवायचा मोह होईल.

पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असंच समजा. ठासणीत मागून उघडून बघायची सोय नसते. वर्षानुवर्षं आत दारू आणि गोळी तशीच राहिलेली असू शकते. टोपी लावू नका, चाप ओढू नका, नळीत डोकावू नका. आणि आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू यात घालून बघण्याचा विचारही नको. तो दाब ती नळी सोसूच शकत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबा गेले की ती बंदूक आपोआप तुमची होत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. ती जमा करायची तर नेण्याआधी पोलिसांना कळवा. भरलेली असल्याची शंका आहे हेही सांगा. बंदूक खांद्यावर टाकून एसटीत चढू नका.

आणि नेमबाजीचीच आवड असेल तर ती खुशाल जोपासा. एअर रायफलपासून सुरुवात करा, क्लबात जा, प्रशिक्षकाकडून शिका. गोळी कागदावर लागली की तितकाच आनंद होतो, माझा शब्द.

राहिला मूळ प्रश्न. कितीला पडते? दुकानातली किंमत हा त्यातला सगळ्यात लहान आकडा. ओल्या दारूपायी गेलेलं पीक, फुटलेली नळी, चुकून झाडलेली गोळी, दोन खात्यांमधले हेलपाटे, हे सगळं तिच्या किमतीत धरावं लागतं. दीडशे वर्षं सरकारनं शेतकऱ्यावर भरवसा ठेवला, पण एका बाराइतकाच. आता तो बारही जवळजवळ बंद झालाय आणि डुक्कर मात्र दर आश्विनात येतंच. त्यावर सौर कुंपण, वेळेत भरपाई की आणखी काही, हा वाद शेतकऱ्यांना सोबत बसवून व्हायला हवा. त्यावर वेगळा भाग करू.

तोवर तुमचं काम एकच. गावच्या आजी-आजोबांना विचारा, राखणीच्या रात्री ते काय काय करायचे, कुठली हाळी द्यायचे, कुठला डबा वाजवायचे. आवाज रेकॉर्ड करून पाठवा. बंदुकीच्या इतिहासाचे कागद कलेक्टर कचेरीत मिळतील, पण हे आवाज तिथे मिळणार नाहीत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी.